राहण्याची सोय आणि बसण्याची सोय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने आम्हांला दिली, याबद्दल आरंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. आमच्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, रंगभूमी, इतिहास अशा भारदस्त विषयांवर आपणांस मेजवानी दिली. आमचा विषय त्या मानाने अगदीच साधा आहे. नळाचे पाणी, बस, दवाखाना आणि संध्याकाळी चहा प्यायला बसण्याची जागा, एवढाच त्याचा आवाका. तथापि परप्रांतात बिऱ्हाड केलेल्या आपल्यासारख्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग याच गोष्टींनी व्यापलेला असतो, म्हणून त्यांचा विचार एकदा सभेत बसून व्हावा असे वाटले.

मंडळाची पहिली पिढी सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम, करोल बाग अशा वस्त्यांत राहत होती. बाजार हाकेच्या अंतरावर, कचेरीला जाणारी बस दाराशी आणि शेजारी सहा महिन्यांत घरचा. पुढे मंडळ वाढले, दिल्ली त्याहून वाढली आणि सभासद द्वारका, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव असे चारी दिशांना पांगले. आम्ही त्यांतले द्वारकावासी. २००१ मध्ये आम्ही तेथे गेलो, म्हणून द्वारकेचेच उदाहरण घेतो. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली असे पुराण सांगते. आमच्या द्वारकेत बुडण्यापुरतेही पाणी नव्हते.

या उपनगराचे जुने नाव पप्पनकलां. दिल्ली विकास प्राधिकरणाने नैर्ऋत्येकडील सुमारे ५,६०० हेक्टर क्षेत्रात, साधारण १० लाख लोकवस्तीसाठी आखलेली ही उपनगरी. कागदावर तिच्यात काहीही कमी नव्हते. दिल्लीच्या बृहद् आराखड्यात बाजारांचीही उतरंड ठरलेली आहे. घराजवळ सोयीची चार दुकाने, मग स्थानिक बाजार, लाखभर वस्तीमागे एक सामुदायिक केंद्र आणि पाच लाखांमागे एक जिल्हा केंद्र. रुंद रस्ते, आखीव चौक, शाळांचे भूखंड, उद्यानांचे भूखंड, सारे होते. मात्र आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांतील बहुतेक भूखंडांवर कीकरची काटेरी झुडपे होती आणि संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू येई.

घरे आधी झाली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. येथे जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थांना दिली गेली. अशा तीनशेहून अधिक संस्था द्वारकेत उभ्या राहिल्या. ज्या सभासदाने वर्षानुवर्षे हप्ते भरले तो घर होताच राहायला येणारच. दुकानाचे तसे नसते. दुकानाचा भूखंड लिलावात जातो, आणि घेणारा आधी गिऱ्हाईक मोजतो. उपाहारगृह काढणारा तर संध्याकाळची गर्दी मोजतो. गर्दी नाही म्हणून उपाहारगृह नाही, उपाहारगृह नाही म्हणून कोणी संध्याकाळी बाहेर पडत नाही. बसचेही तेच. प्रवासी नाहीत म्हणून फेऱ्या नाहीत आणि फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी नाहीत. शासकीय सेवेत हयात गेल्यामुळे आम्हांला हे चक्र परके नाही. जमीन देणारी संस्था एक, पाणी देणारी दुसरी, बस सोडणारी तिसरी आणि शाळा काढणारी चौथी. प्रत्येकीचा कागद आपापल्या जागी बिनचूक असतो, आणि नळ कोरडा राहतो.

अशा वेळी आम्हांला जगवले ते आराखड्याने नव्हे, तर आराखड्याच्या आधीपासून तेथे असलेल्या खेड्यांनी. बागडोला, अंबरहाई, पोचनपूर ही गावे नव्या सेक्टरांच्या मधोमध तशीच राहिली आहेत. गावठाणाला इकडे ‘लाल डोरा’ म्हणतात. नगररचनेचे बरेचसे नियम या हद्दीच्या आत सैल पडत. त्यामुळे दूध, भाजी, पीठगिरणी, सायकलचे पंक्चर आणि गरम जिलेबी यांची सोय तेथेच झाली. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी आमच्या घरांखाली गेल्या, त्यांच्याच ओट्यावरून आम्ही भाजी घेत होतो. ही जाणीव आमच्या उंच इमारतींत फारशी बोलून दाखवली जात नाही. आज ती येथे बोलून दाखवतो.

पाण्याची कथा याहून लांबलचक आहे. या भागातील भूजल बव्हंशी खारे. कूपनलिका खणली तरी तिच्या पाण्यात डाळ शिजेना. टँकर हाच आधार. टँकर पहाटे येई, आणि कचेरीत पोहोचेपर्यंत आमचे निम्मे लक्ष गच्चीवरच्या टाकीत असे. दिवसाला ५ कोटी गॅलन पाणी शुद्ध करणारे केंद्र द्वारकेत उभे राहिले, पण त्याला लागणारे कच्चे पाणी हरियाणातून यायचे होते. मुनकपासून आलेल्या पक्क्या कालव्याचे पाणी मिळू लागल्यावर, २०१५ मध्ये ते केंद्र चालू झाले. मेट्रो मात्र त्याच्या बरीच आधी, ३१ डिसेंबर २००५ रोजी आली. १,२४१ खाटांचे सरकारी रुग्णालय बांधून पुरे होण्याआधीच, २०२१ च्या करोना लाटेत, घाईघाईने उघडावे लागले.

या तारखांकडे जरा एकत्र पाहावे. महाराष्ट्रातही निराळे घडले नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी ‘सिडको’ची स्थापना १९७० मध्ये झाली आणि मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल गेली ती १९९२ मध्ये. म्हणजे उपनगर आखल्यापासून त्याचे अवयव जुळेपर्यंत सुमारे वीस वर्षे जातात. आराखड्याच्या हिशेबात वीस वर्षे हा एक टप्पा असतो. मुलाच्या हिशेबात ते संपूर्ण बालपण असते, आणि पंचाहत्तरीच्या माणसाजवळ तेवढी वर्षे उरलेलीच नसतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या मातोश्री साताऱ्याहून प्रथमच आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी घर पाहिले, उद्वाहक पाहिला, रुंद रस्ता पाहिला. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “घर छान आहे रे. पण इथली माणसं बसतात कुठे?” आम्ही दिवाणखाना दाखवला. त्या म्हणाल्या, “इथे नव्हे. बाहेर.” आम्हांला उत्तर देता आले नाही. आपल्या गावांत ओटा असतो, वडाभोवती पार असतो, देवळाचा सभामंडप असतो. शहरात कट्टा असतो आणि एका चहावर तासभर बसू देणारे हॉटेल असते. तेथे माणूस खाण्यासाठी जातो हे निमित्तमात्र. आपले कोण आजारी आहे, कोणाच्या मुलीचे ठरते आहे, कोण चार दिवस दिसला नाही, याची नोंद तेथे आपोआप होत असते. उपनगर राहण्याची सोय करते. बसण्याची सोय करायची असते हे मात्र त्याच्या आराखड्यात कोठेही लिहिलेले नसते.

आमच्या संस्थेच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, दरभंग्याहून आलेल्या एका गृहस्थाने चहाची टपरी टाकली होती. बांधकामातून उरलेल्या दोन फळ्या विटांवर ठेवून त्याने बाक केला. दोन वर्षांत तो बाक हेच आमच्या वस्तीचे सभागृह झाले. निवृत्त मंडळी तेथे वृत्तपत्र वाचीत. पंजाबी, बंगाली, मल्याळी, मराठी असे सारे तेथे प्रथम एकमेकांना नावाने ओळखू लागले. टँकरच्या प्रश्नावर शेजारच्या सोसायट्यांशी एकत्र येऊन निवेदन द्यावे, हा विचारही त्याच बाकावर निघाला. पुढे एका वर्षी परिसराच्या सौंदर्यीकरणाचा ठराव सभेपुढे आला आणि टपरी हटवावी असे ठरले. आम्ही विरोधी मत नोंदवले, ते इतिवृत्तात आहे. टपरी उठली. त्या जागी शोभेची झुडपे लागली आणि त्यांना लोखंडी कुंपण आले.

त्याच हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे एक वृद्ध गृहस्थ न्हाणीघरात पडले. ही गोष्ट कोणाला कळायला दीड दिवस लागला. ते वाचले, परंतु पुढे मुलाकडे गेले ते परतले नाहीत. टपरी असती तर सकाळी सात वाजता चहावाल्यानेच विचारले असते, “बाबूजी आज आये नहीं?” हे एका वाक्याचे काम होते. ते आता करणार कोण?

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जी सोय सार्वजनिक नव्हती, ती आम्ही खाजगी विकत घेतली. पाणी नाही म्हणून टँकर, वीज जाते म्हणून जनित्र, रस्ता असुरक्षित म्हणून पहारेकरी, बाग नाही म्हणून भिंतीच्या आतले हिरवळीचे चौकोन. प्रत्येक वेळी निकड खरी होती आणि उपाय योग्यच होता. परंतु प्रत्येक खरेदीबरोबर मागणी थोडी थंडावली. ज्याच्या टाकीत पाणी आहे तो निवेदनावर सही करायला खाली उतरत नाही. ज्याला टँकर परवडत नाही अशा शेजारच्या वस्तीचे गाऱ्हाणे मग एकाकी पडते. याउलट जेथे जेथे आम्ही एकत्र आलो, तेथे काहीतरी घडले. द्वारकेतील जुन्या जोहडांची, म्हणजे गावतळ्यांची, झालेली दुरुस्ती रहिवाशांनी लावून धरल्यामुळेच झाली.

आज द्वारकेत उपाहारगृहांची वाण नाही. मेट्रोच्या खांबांखाली मोमोपासून डोशापर्यंत सारे मिळते. भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की जेवण दाराशी येते. खाण्याचा प्रश्न सुटला, बसण्याचा सुटला नाही. किंबहुना दाराशी आलेल्या डब्याने बाहेर पडण्याचे उरलेसुरले कारणही नेले. आणि आपली तरुण कुटुंबे जेथे घरे घेत आहेत, त्या यमुनेपलीकडच्या नव्या वस्त्यांत तर आमचीच जुनी कथा नव्याने चालू आहे. तेथे एक अडचण अधिक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने औद्योगिक नगरींना नगरपालिकेच्या तरतुदीतून वगळण्याची मुभा ठेवली. त्यामुळे नोएडासारख्या शहराचा कारभार प्राधिकरणाच्या हाती राहिला. नळाला पाणी नसेल तर ज्याचे दार ठोठवावे असा निवडून दिलेला नगरसेवक तेथील रहिवाशाच्या वाट्याला आला नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. त्या मंडळाने विचारात घ्याव्यात.

पहिली, नवे घर घेणाऱ्या सभासदाला मार्गदर्शन. दर चौरस फुटाचा भाव सारेच विचारतात. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, रात्री दहानंतर बस आहे काय, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि तक्रार कोणत्या कचेरीत नोंदवायची, हे पाच प्रश्न कोणी विचारीत नाही. जे आधी राहून चुकले आहेत त्यांनी ही उत्तरे नवागतांना द्यावीत.

दुसरी, मंडळाने स्वतः उपनगरांत यावे. गणेशोत्सव एकत्र व्हावा, परंतु मासिक बैठक आळीपाळीने द्वारका, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव येथे भरवावी. ग्रंथालयाच्या कपाटातील पुस्तकांच्या पेट्या करून त्या फिरत्या ठेवाव्यात. आणि बैठकीला शेजारचे अमराठी कुटुंबही बोलवावे, कारण रात्री-अपरात्री दार वाजवायचे झाले तर ते त्यांचेच वाजवायचे आहे.

तिसरी, सर्वांत अगत्याची. आपल्या सभासदांत एकटे राहणारे वृद्ध किती आहेत, याची यादी करावी आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यांना एक दूरध्वनी व्हावा. यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही, सातत्य लागते. चहावाला जे विनामूल्य करीत होता, ते पन्नास वर्षांच्या संस्थेला जड जाऊ नये.

परगावी आलेल्या चार कुटुंबांना बसायला जागा हवी होती, त्यातूनच पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ निघाले. ती गरज संपलेली नाही, फक्त पंचवीस किलोमीटर दूर गेली आहे. मंडळाने तिच्यामागे जावे, एवढेच मागणे आहे. द्वारकेतील पहिल्या बैठकीची सतरंजी आणि चहा यांची जबाबदारी आम्ही आजच घेतो.