चित्रचौकटींचा वाचक

पुण्यातील कुमारवयीन वाचकाविषयी बोलताना वडीलधाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानी पडते, ती अशी की आजची मुले मुळात वाचत नाहीत, आणि वाचलेच तर चित्रांची पुस्तके वाचतात. तक्रारीचा पहिला भाग फार काळ टिकत नाही. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने डिसेंबर २०२३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरवलेल्या पुणे पुस्तक महोत्सवासारख्या ठिकाणी, किंवा जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकांच्या यादीबाहेरचे काहीतरी हळूच पालकांच्या हाती सरकवणाऱ्या मुलांकडे पाहिले, तरी वाचनाची हौस आटलेली नाही हे कळते. दुसरा भाग मात्र बराचसा खरा आहे. बारा ते सोळा वयाच्या या वाचकाच्या हातात आज कॉमिक्स, जपानी मांगा आणि ग्राफिक नॉव्हेल, म्हणजेच चित्रकादंबरी, ही तीन प्रकारची पुस्तके मोठ्या प्रमाणात दिसतात, आणि प्रश्न असा आहे की जे खरे आहे ते तक्रार करण्याजोगे आहे काय.

या वाचकाचा उत्साह जवळून पाहण्यासारखा असतो. नुकतेच संपवलेले पुस्तक तो कपाटात ठेवत नाही, तर लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करतो, कारण पहिल्या वाचनात कथानकाच्या ओढीने चित्रे नुसती ओलांडली गेलेली असतात आणि खलनायकाच्या मागच्या भिंतीवर चित्रकाराने काय रंगवून ठेवले आहे हे दुसऱ्या खेपेलाच दिसते. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. घरातल्या आजोबांनी तो सवयीप्रमाणे डाव्या बाजूने उघडला की त्यांना थांबवून, ज्याला ते पहिले पान समजतात ते शेवटचे आहे, हे सांगताना नातवाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते ते शाळेतल्या कोणत्याही बक्षिसाने पसरत नाही. मित्रांमध्ये खंडांची देवाणघेवाण होते, पुढचा खंड कधी येणार याची चौकशी चालते, आणि ज्याने अजून वाचलेले नाही त्याच्यासमोर शेवट फोडणे हा गंभीर गुन्हा मानला जातो. वाचनसंस्कृतीवरील परिसंवादांत ज्या गोष्टींची अपेक्षा व्यक्त केली जाते, म्हणजे पुनर्वाचन, चर्चा, प्रतीक्षा आणि पुस्तकाविषयी ममत्व, त्या सर्व येथे आहेत. केवळ पुस्तक अपेक्षेबाहेरचे आहे.

चित्रकादंबरी या प्रकाराची थोडी ओळख येथे आवश्यक आहे. वर्तमानपत्रातील चित्रपट्टी तीन-चार चौकटींत एक विनोद पुरा करते आणि कॉमिक्सच्या अंकात एखादे साहस वीस-तीस पानांत संपते. चित्रकादंबरी मात्र कादंबरीचा पल्ला, पात्रांची घडण आणि विषयाचे गांभीर्य घेऊन चित्रे व शब्द यांच्या संयुक्त भाषेत पुस्तकभर चालते. अमेरिकी चित्रकार विल आयस्नर यांच्या १९७८ सालच्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकामुळे हे नाव रूढ झाले. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला, म्हणजे नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची कहाणी ज्यू लोकांना उंदीर आणि नाझींना मांजर करून सांगणाऱ्या पुस्तकाला, १९९२ साली विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला, तेव्हा या प्रकाराला पोरखेळ म्हणणे अवघड झाले. इराणमधील क्रांती एका मुलीच्या नजरेतून दाखवणारे मर्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ हे त्यानंतरचे ठळक उदाहरण होय.

या पुस्तकांचे वाचन सोपे असते, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. स्कॉट मॅक्लाउड या अभ्यासक-चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्सविषयी कॉमिक्सच्याच रूपात एक ग्रंथ लिहिला आणि त्यात दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला मोठे महत्त्व दिले. एका चौकटीत हात उगारलेला आहे आणि पुढच्या चौकटीत दार बंद आहे, तर मधल्या क्षणात काय घडले हे चित्रकाराने काढलेले नसते. ते वाचकाने स्वतःच्या मनात घडवायचे असते, आणि तो क्षण किती लांबवायचा हेही त्यानेच ठरवायचे असते. शिवाय त्याच वेळी डोळ्यांना फुग्यातील शब्द, पात्राची मुद्रा, चौकटीचा आकार आणि पानाची एकूण मांडणी यांची संगती लावावी लागते. सलग गद्य सराईतपणे वाचणाऱ्या अनेक प्रौढांना अशा पानावर कोठून कोठे जावे हेच उमगत नाही, यावरून हे कौशल्य वेगळे आहे आणि ते सवयीने कमवावे लागते, हे लक्षात येते.

महाराष्ट्राला हे कौशल्य परके नाही. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा ही चित्रांच्या क्रमातून कथा सांगण्याचीच परंपरा आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे, ज्यांच्या संचाला पोथी म्हणतात, एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरली जातात आणि वाद्यांच्या साथीने कथेकरी ती गाऊन उलगडतो. या परंपरेचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पैठण शैली म्हणून ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे पुण्यातच, बाजीराव रस्त्याजवळील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. शालेय सहलीत मुलांना तेथील दिवे, अडकित्ते आणि मस्तानी महाल दाखवले जातात. कॉमिक्स वाचणाऱ्या मुलाला या चित्रांपुढे पाच मिनिटे उभे केले, तर रागावलेल्या राक्षसाचे वटारलेले डोळे आणि एकाच रेषेत मांडलेली पात्रे त्याला मार्गदर्शकाच्या मदतीशिवाय वाचता येतील.

मुद्रित पुस्तकांच्या बाबतीतही आजच्या उत्साहाला पूर्वज आहेत. भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकत होता आणि सायकलवरून पेठांमध्ये हिंडत होता. त्याचा ‘ट्टॉक’ हा आवाज जिभेने काढण्याचा सराव एका पिढीतील मुलांनी केला, १९८७ साली तो दूरदर्शनच्या मालिकेतून घरोघरी पोचला आणि २०१७ साली चित्रपटात मोठा होऊन परतला. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक सुरू केले होते आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठी मुलांसाठी आणल्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये पुण्याच्या बालभारतीने, म्हणजे पाठ्यपुस्तके काढणाऱ्या शासकीय मंडळानेच, ‘किशोर’ हे मासिक काढले, आणि परीक्षेसाठी नसलेले वाचनही शासनाच्या खर्चाने देता येते हे दाखवून दिले. चित्रकथांच्या बाजूला १९६४ पासूनच्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता, १९६७ पासूनची अनंत पै यांची अमर चित्र कथा होती, आणि २१ नोव्हेंबर १९९१ पासून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू ‘सकाळ’मध्ये रोज भेटू लागला. वर्तमानपत्र हातात आल्यावर अग्रलेखाआधी चिंटू वाचणारे प्रौढ पुण्यात पुष्कळ होते. तेच आज नातवंडांच्या कॉमिक्सविषयी चिंता व्यक्त करतात, हा तपशील सोडून देण्यासारखा नाही.

चिंता ही तशी जुनीच आहे. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ साली कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला, त्यावर सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. पुढे त्या प्रतिपादनामागील पुरावा सदोष असल्याचे संशोधकांनी दाखवले. याचा अर्थ प्रत्येक चित्रपुस्तक उत्तम असते असा नव्हे. पुष्कळशा मालिका निव्वळ मारामारीच्या असतात, दहाव्या खंडानंतर त्यांत तेच ते चालू राहते, आणि माणसाच्या मनातील दीर्घ तर्क किंवा द्विधा मनःस्थिती मांडण्यात गद्य आजही अधिक समर्थ आहे. तेव्हा चित्रकादंबरी वाचणाऱ्याने गद्यही वाचले पाहिजे, हे मान्य. परंतु त्यासाठी पहिले हिसकावून दुसरे देण्याची गरज नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. पुण्यातील या वाचकाला त्याच्याच मातीतले गंभीर विषय चित्रकादंबरीच्या रूपात भेटतात ते बहुधा इंग्रजीतून. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेले ‘भीमायन’ हे त्यातील सर्वांत उल्लेखनीय पुस्तक. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता, तर दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे असलेल्या या पुस्तकात डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव येतात: साताऱ्याच्या शाळेत शिपाई नसला की न मिळणारे पाणी, मसूर स्थानकावर उतरलेल्या मुलांना गाडीवाल्यांनी दिलेला नकार, बडोद्यात न मिळालेला निवारा, महाडचे चवदार तळे. व्याम दांपत्याने चौकटींत बंदिस्त होण्यास नकार दिला आणि पाने गोंड घरांच्या भिंतींवरील नक्षीच्या वळणांनी विभागली. आगगाडी साप होते, किल्ला हिंस्र श्वापद होतो. मायेने बोलणाऱ्यांच्या संवादाचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे आहेत, तर विटाळ मानणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे, आणि मनातल्या विचारांच्या फुग्यात एक डोळा रेखाटलेला आहे. तेरा वर्षांचा वाचक ही खूण दोन-तीन पानांत आपोआप शिकतो आणि त्यानंतर एखादे पात्र तोंड उघडते तेव्हा शब्द वाचण्याआधीच त्यातील विष त्याला जाणवते. हे काम गद्याला याच रीतीने करता येणार नाही.

त्याच वर्षी त्याच प्रकाशनाने श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांचे ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ प्रसिद्ध केले. त्याचा आधार आहे महात्मा फुले यांची १८७३ सालची ‘गुलामगिरी’, आणि त्याची भूमी आहे पुणे, जेथे १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. ‘गुलामगिरी’ मुळातच जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादरूपाने लिहिलेली असल्याने ती फुग्यांमध्ये सहज उतरते; इतका सोयीचा मराठी ग्रंथ शोधूनही सापडणार नाही. असे असूनही पुण्यातील मुलाला पुण्याचे जोतीराव चित्रकादंबरीत प्रथम भेटावेत ते इंग्रजी बोलताना, हे आपल्या प्रकाशनव्यवहाराला फारसे भूषणावह नाही. ओरिजित सेन यांचे १९९४ सालचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’, ज्याला अनेक जण भारतातील पहिली चित्रकादंबरी मानतात, नर्मदेच्या खोऱ्यातील धरणाचा संघर्ष सांगते. ते प्रकाशित केले ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणविषयक संस्थेने, जिचे काम पुण्यातूनही चालते. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांनी ‘आदि पर्व’ (२०१२) आणि ‘सौप्तिक’ (२०१६) या पुस्तकांत महाभारत रंगवले, पहिल्यात गंगेला आणि दुसऱ्यात अश्वत्थाम्याला सूत्रधार करून, तीही इंग्रजीत.

मराठीत हे दालन लहान राहण्याची कारणे भावनिक नसून व्यावहारिक आहेत. एका पानावर सरासरी ५ चौकटी धरल्या तरी १५० पानांच्या पुस्तकासाठी ७५० चित्रे काढावी लागतात, आणि त्या काळात चित्रकाराचा चरितार्थ कोणीतरी चालवावा लागतो. हजार-दोन हजार प्रतींच्या आवृत्तीवर तो चालत नाही. त्यात रंगीत छपाईचा आणि चांगल्या कागदाचा खर्च मिळवला की किंमत वाढते, आणि किंमत वाढली की चित्रांच्या पुस्तकाला इतके पैसे कशाला, हा प्रश्न दुकानात ऐकू येतो. तरीही लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत पुण्याने ही अडचण ओलांडलेली आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची पुस्तके, ज्यांत लेखन आणि चित्र एकाच हाताचे असते, आणि ज्यांतील घर, जिना, स्वयंपाकघर आणि शेजारी ओळखीचे वाटतात, ती पालकांनी विकत घेतली आणि मुलांनी फाटेपर्यंत वाचली. ‘राधाचं घर’ वाचून मोठी झालेली मुले पुढे तेरा वर्षांची होतात तेव्हा त्यांच्यासाठी त्याच तोडीचे, पण अधिक मोठे आणि अधिक अवघड असे मराठी चित्रपुस्तक हवे असते, आणि नेमक्या त्या जागी ती इंग्रजीकडे किंवा जपानीच्या इंग्रजी भाषांतरांकडे वळतात. दोष त्यांच्या आवडीचा नाही.

ग्रंथालयांना यात लगेच करता येण्यासारखे काही आहे. पुण्याच्या पेठापेठांतील ग्रंथालयांच्या बालविभागांत चित्रकादंबरीसाठी एक स्वतंत्र फळी ठेवावी, तीवर वर उल्लेखलेली पुस्तके ‘किशोर’च्या जुन्या अंकांशेजारी असावीत, आणि ती निवडण्याचे काम वर्षातून एकदा सभासद मुलांकडेच द्यावे. पालकांनी पुस्तक काढून घेण्याऐवजी त्यातील एक प्रकरण मुलाकडून समजावून घ्यावे. प्रकाशकांपुरते सांगायचे, तर महात्मा फुले यांचे निधन १८९० साली झाले असल्याने त्यांच्या ग्रंथांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. ‘गुलामगिरी’ची मराठी चित्रकादंबरी काढण्यासाठी एक चित्रकार, एक संहितालेखक आणि दोन-तीन वर्षे धीर धरणारा प्रकाशक एवढेच लागते, आणि यांपैकी पहिल्या दोघांची पुण्यात वाण नाही.