तिसरीचं आकाश, नववीचं आकाश



 मला थोडं तक्रारवजा बोलायचं आहे. शाळेची सहल येणार असली की आपण तारांगणांत आणि फिरत्या घुमटांत काम करणारे शाळेचं नाव, मुलांची संख्या आणि बसची वेळ लिहून घेतो. इयत्ताही लिहून घेतो, पण तिच्यावरून कार्यक्रम बदलत नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना तोच खेळ: सूर्यास्त, बारा राशी, शनीची कडी, कृष्णविवर आणि शेवटी दीर्घिकांमधून गरगर प्रवास. मुलं टाळ्या वाजवतात, बाई खूश होतात, पुढची तुकडी दारात उभीच असते.

आपल्या यंत्रांचा इतिहास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. १९२३ साली म्युनिकच्या संग्रहालयात वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी झाइस कंपनीचं पहिलं तारांगण-यंत्र दाखवलं. त्यातून फक्त म्युनिकच्याच अक्षांशावरून दिसणारं आकाश उमटत असे. झाइसच्याच पुढच्या यंत्राला अक्षांश बदलता येऊ लागला, म्हणजे पृथ्वीवर कुठेही उभं राहायची सोय झाली. जमीन सोडून मनसोक्त उडायला मात्र डिजिटल यंत्रंच यावी लागली. आपल्याकडे पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली तारांगण झालं. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ चं, आणि तिथे २००३ साली डिजिटल यंत्र आलं. आधी एका जागी उभं राहायचं, मग पृथ्वीवर हिंडायचं, मग पृथ्वी सोडायची. माझ्या मते मुलांच्या शिकण्याचा क्रमही हाच आहे, आणि आपण तो उलटा करून बसलो आहोत.

तिसरीच्या मुलांना म्युनिकचं पहिलं यंत्र पुरे. घुमटाच्या कडेने त्यांच्याच गावाची किंवा शहराची रेषा असावी: पाण्याची टाकी, देऊळ, इमारती. सूर्य सावकाश मावळू द्यावा, अगदी चार-पाच मिनिटं घेऊन. झटकन दिवे घालवले की सगळं सभागृह किंचाळतं, बाई मोबाइलचा टॉर्च लावतात आणि सुरुवातीची दहा मिनिटं वाया जातात. शिवाय भर दुपारच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, हेही आपण विसरतो. सूर्य कलत असताना विचारावं, ‘‘तुमच्या शाळेच्या कोणत्या बाजूला मावळतो?’’ कुणी म्हणतं मैदानामागे, कुणी म्हणतं कॅन्टीनच्या डोक्यावर, आणि मग भांडण लागतं. लागू द्यावं. मग विचारावं, दिवसा चंद्र दिसतो का? तिसरीचा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो. सहल शुद्ध अष्टमीच्या आसपास असली, तर परतीच्या बसमध्ये चढताना तो पूर्वेला दाखवता येतो. एवढं झालं की मृग, त्याच्या पोटातला बाण, मागे लागलेला व्याध, आणि खेळ संपला. कृष्णविवर नको.

का नको, तेही सांगतो. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ साली अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘पृथ्वी गोल आहे’ असं ठणकावून सांगणाऱ्या मुलांना पुढचे प्रश्न विचारले, तेव्हा काहींच्या मनात दोन पृथ्व्या निघाल्या: एक वर आभाळात असलेली गोल, दुसरी आपण राहतो ती सपाट. काहींच्या मते माणसं पोकळ गोळ्याच्या आत, सपाट जमिनीवर राहत होती. आता आपला घुमट डोळ्यांसमोर आणा. वर पोकळ अर्धगोल, खाली सपाट फरशी. या दुसऱ्या समजुतीच्या मुलाला आपण तिकीट काढून पुरावाच दाखवतो! त्यात वरून खुर्चीसकट त्याला दीर्घिकेत भिरकावलं, तर त्याच्या पायाखाली नेमकं काय उरलं?

पाचवी ते सातवीला मात्र हिंडवावं. हात लांब केला की मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुंबईचा ध्रुव क्षितिजापासून एकोणीस अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठी. कन्याकुमारीला न्या, एका मुठीचाही उरत नाही. श्रीनगरला साडेतीन मुठींच्या घरात जातो, उत्तर ध्रुवावर डोक्यावर येतो. पृथ्वी गोल असल्याचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. मग विचारा, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो का? वर्ग म्हणेल, रोज येतो. २२ डिसेंबरची मुंबई लावा: सूर्य दक्षिणेला, फक्त अठ्ठेचाळीस अंशांवर. मग मेच्या मध्यावर या, सावली पायाखाली. २१ जूनला तो चक्क थोडा उत्तरेला सरकलेला. हे पाहून पोरं शिक्षकांकडे बघतात, आणि कधी कधी शिक्षक आपल्याकडे.

नववी-दहावीला खुशाल उडवा. पण उडवण्याआधी ऋतूंचं कारण विचारा. १९८७ च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डचे नुकतेच पदवी घेतलेले तरुणही अंतराचं चुकीचं कारण सांगतात. सूर्याच्या सर्वांत जवळ आपण जानेवारीत असतो, १४.७ कोटी किलोमीटरवर, जुलैत १५.२ कोटी. नागपूरच्या मुलांना जानेवारीतल्या स्वेटरची आठवण करून द्या, आणि मगच पृथ्वीबाहेर न्या.

हे सगळं ध्वनिमुद्रित निवेदनाने होणार नाही. फिरत्या घुमटवाल्या मित्रांना हे कळतं. चपला बाहेर काढून रांगत आत शिरलेली मुलं, कानाशी घुमणारा ब्लोअर, उकाडा. तिथे मुलांशी बोलल्याशिवाय गत्यंतरच नसतं. मोठ्या तारांगणांत आपण आरामात मागे बसून बटण दाबतो. चित्रफिती वाईट आहेत असं नाही, काही तर अप्रतिम आहेत. पण ‘कॅन्टीनच्या डोक्यावर’ या उत्तराला चित्रफितीकडे उत्तर नसतं. आणि खर्चाचं म्हणाल, तर इयत्तेनुसार तीन कार्यक्रम करायला नवं यंत्र लागत नाही, लागतो तो बोलणारा माणूस, त्याचा पगार आणि दोन खेळांमध्ये त्याला घसा ओला करायला वेळ.

आज दुपारी शेजारच्या शाळेतली तिसरीची मुलं आवारातल्या घुमटात येणार आहेत. ध्वनिफीत बंद ठेवायची, असं संयोजकांशी बोलून ठरवलं आहे. निवेदन कोण करणार, ते जेवणाआधी नक्की करू. तयार असतील त्यांनी आत्ताच हात वर करावेत.