हाडात औषध मुरण्याचा हिशेब

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



निर्धन रुग्ण निधीच्या हिशेबावर दरवर्षी एक प्रश्न उपस्थित होतो. न्यूमोनियाचा रुग्ण बहुधा आठवडाभरात बरा होऊन घरी जातो, मग हाडाच्या जुनाट जंतुसंसर्गाला सहा-सहा आठवडे औषध कशासाठी? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु याचे उत्तर बरेचसे हिशेबाचेच आहे, म्हणून हे धाडस.

हाड दगडासारखे भासले तरी ते सजीव आहे. त्यातील सूक्ष्म नलिकांचे वर्णन इंग्लंडमधील वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये केले. या नलिकांतून रक्तवाहिन्या जातात आणि हाडाची पेशी त्यांच्यापासून साधारणतः एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आतच असते. एवढे शेवटचे अंतर मात्र रक्त कापत नाही. अन्न आणि औषध तेथे केसाहून कितीतरी बारीक वाटांतून पाझरत जाते.

या पाझरण्याचा नियम ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडला. पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो. फरक जितका तीव्र तितका वेग अधिक. आज संशोधक संगणकावर हाडाचे हजारो कप्पे कल्पून प्रत्येकाचे खाते मांडतात: आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा जावक. एका कप्प्याची जावक ती शेजारच्याची आवक. आम्हा हिशेबनिसांना ही द्विनोंदी पद्धत परकी वाटू नये!

या खातेवहीतून एक कठोर गोष्ट निघते. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. साध्या पाण्यात लहान रेणूला एक दशांश मिलिमीटर जाण्यास सुमारे १० सेकंद लागतात. एक सेंटिमीटरला सुमारे एक लाख सेकंद, म्हणजे एका दिवसाहून अधिक. हाडातील वाटा अरुंद आणि नागमोडी, तेथे याहून पुष्कळ विलंब होतो.

संसर्गाने हाडाचा तुकडा मृत झाला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग जंतू आत आणि औषध काठावर, अशी स्थिती होते. शिरेतून मात्रा वाढविली तरी अंतर घटत नाही. म्हणूनच शल्यचिकित्सक आधी मृत हाड काढतात. जर्मनीतील बुखहोल्ट्झ व एंगेलब्रेख्ट यांनी १९७० मध्ये बोन सिमेंटमध्येच प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामागेही औषध जागेवरच ठेवण्याचा विचार आहे.

एक खुलासा आवश्यक आहे. सहा आठवड्यांचा आकडा या समीकरणातून निघालेला नाही. तो प्रामुख्याने अनुभवातून रूढ झाला. औषध किती पोहोचेल याचा अंदाज प्रतिरूप देते, चिकट आवरणाखाली दडलेले जंतू किती मरतील हे त्यावरून कळत नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच.

ब्रिटनमध्ये १,०५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतील औषधाच्या तुलनेत कमी पडल्या नाहीत. आपल्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे: डॉक्टर ज्यांना योग्य ठरवतील ते रुग्ण लवकर घरी जातील, खाट दुसऱ्यास मिळेल. पण जोखीमही घरी जाईल. जखम सुकते, वेदना थांबते, रोजगार बुडत असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि महाग असते.

यास्तव विश्वस्त मंडळास विनंती, की अशा निर्धन रुग्णांना पूर्ण मुदतीची औषधे निधीतून देण्यास मंजुरी द्यावी. फेरतपासणीसाठी एस.टी.च्या भाड्याचे स्वतंत्र खाते उघडण्याचा मानस आहे. देणगीदारांनी त्याचा विचार करावा. आप्तेष्टांनी प्रत्येक भेटीस गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर आणावीत. औषध विभागात ती मोजून पुढील पंधरवड्याच्या गोळ्या दिल्या जातील.