अधिकारी, वार्ताहर आणि खरी माहिती



शासनाचा जनसंपर्क अधिकारी आणि वृत्तपत्राचा वार्ताहर यांची कामे भिन्न असली, तरी दोघांचा धनी एकच आहे. तो म्हणजे सामान्य नागरिक. शासनाचे निर्णय लोकांपर्यंत नेणे हे एकाचे काम, तर लोकांची गाऱ्हाणी शासनासमोर मांडणे हे दुसऱ्याचे. या दोघांत दुरावा आला की नुकसान मात्र त्या नागरिकाचे होते.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरला, ग्रामीण पत्रकारितेचा मोठा वारसा लाभला आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले. पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथून निघू लागले आणि १९६७ पर्यंत चालले. सत्यशोधक विचारांच्या या पत्राचा संपादक खेड्यातच राहत असे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्यातच वावरणाऱ्या माणसाला ऐकीव गोष्टींवर विसंबता येत नाही आणि भिडेपोटी मौनही पाळता येत नाही. शेती वा दुकान सांभाळून बातमी पाठविणाऱ्या आजच्या ग्रामीण वार्ताहराचीही स्थिती हीच आहे.

या जिल्ह्यात पाण्याइतका नाजूक विषय दुसरा नाही. पश्चिमेकडील अकोले तालुक्याच्या डोंगरांत भरपूर पाऊस पडतो, तर पूर्वेकडे पाथर्डी, जामखेडसारखे तालुके अवर्षणप्रवण आहेत. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या पाण्याकडे लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांप्रमाणेच खालच्या जायकवाडीवर अवलंबून असलेल्या मराठवाड्याचेही लक्ष असते. अशा वेळी आवर्तनाची तारीख चुकीची छापली गेली, तर कालव्याच्या टोकाकडील शेतकऱ्याचे पिकाचे सारे गणित कोलमडते. कार्यालयाने धरणातील साठा, आवर्तनाची तारीख व त्यातील बदल वेळीच कळविले, तर अफवेला जागाच उरत नाही. माहिती उशिरा दिली, की ती पोकळी चावडीवरची कुजबुज भरून काढते. मग खुलासा काढावा लागतो. पण बातमी दहा गावे फिरून आलेली असते.

म्हणूनच चांगल्या संबंधांचा पाया चहापान किंवा भेटवस्तू हा नव्हे. अडचणीची माहितीसुद्धा न लपविता देण्याची तयारी हा त्याचा खरा पाया होय. योजना रखडली असेल, तर ती का रखडली आणि पुढे काय होणार, हे अधिकाऱ्याने स्पष्ट सांगावे. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगून ते केव्हा मिळेल हे कळवावे आणि ती वेळ पाळावी. मोठ्या दैनिकाच्या प्रतिनिधीला एक आणि तालुक्याच्या साप्ताहिकाला दुसरी वागणूक देऊ नये. टीका छापली म्हणून माहिती थांबविणे हा तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा प्रकार होय. उलटपक्षी, वार्ताहरानेही आरोप छापण्यापूर्वी संबंधितांची बाजू विचारावी, आकडे पडताळून घ्यावेत आणि चूक झाल्यास दुरुस्ती ठळकपणे द्यावी. प्रशंसेची अपेक्षा अधिकाऱ्याने करू नये. अचूकतेची मात्र अवश्य करावी.

माहिती देणे ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन केले. राज्यात २००२ चा आणि पुढे देशात २००५ चा कायदा आला. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी बरीचशी माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाची आहे. मागितलेल्या माहितीबाबतचा निर्णय सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावयाचा असतो. वार्ताहराला अर्ज करावयास लावून महिनाभर ताटकळत ठेवण्यापेक्षा तीच माहिती आधी फलकावर लावणे दोघांच्याही हिताचे आहे.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी जमाखर्च व ग्रामसभेचे ठराव खुले ठेवावेत. शिक्षकांनी बातमी आणि अफवा यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. खरे बोलणारे कार्यालय आणि खरे लिहिणारा वार्ताहर यांचे मतभेद होतील, क्वचित खटकेही उडतील. परंतु दोघांच्याही शब्दावर गावाचा विश्वास राहील. संकटकाळी तोच विश्वास उपयोगी पडतो.