ध्वनीचे आकडे व मुलांचे उच्चार
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठी पडली असेल. डिजिटल ध्वनी हा विषय अभियंत्यांचा. तिसरी-चौथीस वाचन शिकविणाऱ्या शिक्षकाचा त्याच्याशी संबंध काय, असे मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध मला माझ्याच एका चुकीने शिकविला. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

सन २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मुलांचे प्रकट वाचन दूरध्वनीवरून ऐकण्याचा उपक्रम आपल्यापैकी पुष्कळांनी केला. मीही काही मुलांचे वाचन तसे ऐकले. एका मुलीच्या नावापुढे मी शेरा लिहिला : ‘स’चा उच्चार सदोष, ‘सोड’ हा शब्द ‘फोड’ असा वाचते. शाळा उघडल्यावर तिला समोर बसवून तोच उतारा वाचावयास सांगितला, तो तिचा ‘स’ अगदी स्वच्छ! मधल्या काळात माझ्या शेऱ्यावरून घरच्यांनी त्या एका अक्षरासाठी तिला रोज दटावले होते, हे मागाहून कळले. मुलीची जीभ निर्दोष होती. ज्या साधनातून मी ऐकत होतो त्याची मर्यादा मला ठाऊक नव्हती, एवढेच. ती मर्यादा समजण्यापुरत्या चार-सहा संज्ञा आज पाहू.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील भरभर होणारा चढउतार, हे आपण मुलांना शिकवितोच. एका सेकंदात असे किती चढउतार होतात ती त्याची वारंवारिता; तिचे एकक हर्ट्झ. मनुष्याच्या कानाची धाव सुमारे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत मानतात. (वयाबरोबर वरचे टोक झिजत जाते. माझ्या वयाच्या माणसाने या बाबतीत मुलांशी वाद घालू नये.) मायक्रोफोन हवेच्या या चढउताराबरहुकूम विजेचा दाब वरखाली करतो. मूळ लहरीची हुबेहूब, अखंड प्रतिकृती असते ती ॲनालॉग. आपल्या परिभाषेत ‘अनुरूप’. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच किंवा कॅसेटच्या फितीवरील चुंबकीय ठसा हे याच जातीचे. परंतु संगणकास व मोबाइलला अखंड लहर ठेवता येत नाही. त्यांना आकडे हवे असतात. लहरीचे आकडे करणाऱ्या भागास ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, संक्षेपाने एडीसी म्हणतात आणि आकड्यांची पुन्हा लहर करणाऱ्यास डीएसी. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये हे दोन्ही आहेत.

आता फळ्यावर आलेखाचा कागद आहे असे समजा. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर विजेचा दाब घेऊन आवाजाची वळणदार रेघ काढली. ठरावीक अंतरावरील प्रत्येक उभ्या रेषेपाशी थांबून वळणाची उंची मोजावयाची, यास सॅम्पलिंग अथवा नमुने घेणे म्हणतात. एका सेकंदात जितके नमुने, तितका नमुनादर. दूरध्वनीच्या पद्धतीत तो ८,००० धरला गेला. सन १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीत, म्हणजे सीडीत, ४४,१०० आहे.

नमुने किती घ्यावेत, हा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. त्यासाठी एक विहीर घ्या. ती रात्रीतून भरते आणि दिवसा मोटार लावून उपसली जाते. कोणी रोज सकाळी सहा वाजता पाणी मोजले, तर त्याच्या वहीत पातळी नेहमी एकसारखी दिसेल. या विहिरीस उपसाच नाही, असा निष्कर्ष तो काढील. दुसऱ्या कोणी दर पंचवीस तासांनी मोजले, तर त्यास पंचवीस दिवसांत सावकाश उतरणारी व चढणारी पातळी दिसेल, जी त्या विहिरीत मुळीच नाही. दोघांचीही मोजपट्टी बरोबर होती. चढउतार दिवसातून एकदा होत असेल तर मोजणी दिवसातून दोनदांहून अधिक हवी. ध्वनीचा नियम हाच : ज्या वारंवारितेपर्यंत आवाज टिपावयाचा, तिच्या दुपटीहून नमुनादर अधिक असला पाहिजे. हॅरी नायक्विस्ट यांनी तारायंत्राच्या संदर्भात १९२८ मध्ये याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो नियम नीट सिद्ध करून मांडला. नियम मोडला असता जी खोटी लहर उत्पन्न होते तिला एलिअसिंग म्हणतात. ती येऊ नये म्हणून नमुनादराच्या निम्म्याहून वरचे सारे आवाज आकडे करण्यापूर्वीच गाळून टाकावे लागतात.

येथे माझ्या चुकीचे मूळ सापडते. दूरध्वनीचा नमुनादर ८,०००. त्याचे निम्मे ४,०००. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत तर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. स्वर त्यात बऱ्यापैकी मावतात. परंतु ‘स’ म्हणताना दातांमागून जी शीळ निघते तिचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो, आणि लहान मुलांच्या लहान मुखात तो आणखी वर सरकतो. ती शीळ गाळली गेली की मागे राहतो तो केवळ फुंकरीसारखा आवाज, आणि आपण त्यास ‘फ’ समजतो. ‘सार’ व ‘फार’, ‘सोड’ व ‘फोड’ यांचा घोटाळा होतो तो असा. अलीकडे काही मोबाइल जाळ्यांवर १६,००० नमुनादराचे संभाषण होते, त्यात हा दोष पुष्कळ कमी असतो. पण अमुक एक संभाषण कोणत्या प्रकारचे, हे ऐकणाऱ्यास सांगणारे कोणी नसते.

उभ्या रेषांचे झाले. आता आडव्या रेषा. वळणाची उंची दोन रेषांच्या मध्ये आली तर जवळच्या रेषेचा आकडा लिहावा लागतो. आरोग्य तपासणीत आपण मुलाची उंची पूर्ण सेंटिमीटरमध्ये लिहितो, तसेच हे. यास क्वांटायझेशन म्हणतात, आणि त्यात राहणारी बारीक चूक कानास हलक्या खरखरीसारखी जाणवते. रेषा किती असाव्यात हे बिटांच्या संख्येवर ठरते. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढाच अंक. आठ बिटांत २५६ पायऱ्या, सोळा बिटांत ६५,५३६. एकेक बिट वाढविला की सर्वांत मोठा आवाज व ही खरखर यांतील अंतर सुमारे सहा डेसिबलने वाढते.

पुष्कळ पुस्तकांत डिजिटल ध्वनीचे चित्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे काढलेले असते. ते मला पटत नाही. त्यावरून असा समज होतो की, दोन नमुन्यांच्या मधला आवाज कायमचा हरवला आणि कानास तुटकतुटक काही ऐकू येते. वस्तुतः वरचा नियम पाळला असेल तर डीएसी त्या बिंदूंतून पुन्हा गुळगुळीत वळणच काढतो, आणि मर्यादेच्या आतील वळण त्या बिंदूंतून एकच निघू शकते. मुलांना शिकविताना पायऱ्यांचे चित्र न काढता नुसते बिंदू काढावेत.

नमुनादर, बिट आणि वाहिन्यांची संख्या यांचा गुणाकार केला की बिटदर मिळतो. पाचवीच्या मुलांस हे गणित सहज घालता येईल. सीडीचे ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे सेकंदास १४,११,२०० बिट. दूरध्वनीचे ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,०००. एवढे आकडे पाठविणे महाग पडते, म्हणून ते आवळतात. आवळण्याच्या एका प्रकारात उलगडल्यावर मूळचा प्रत्येक आकडा परत मिळतो. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ एमपीथ्रीमध्ये, कानास जाणवणार नाही असे समजून काही भाग टाकून दिला जातो. पिठाची गिरणी चालू असता भिंतीवरील घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. तर ती लिहावी कशाला, असा तो हिशेब. हिशेब वाईट नाही, पण टाकलेले परत येत नाही. दूरध्वनीवरचे वाचन मागाहून ४४,१०० नमुनादराच्या फाइलमध्ये साठविले, तरी त्यात ‘स’ची शीळ उगवत नाही. फाइल मात्र मोठी होते.

आजही मुलांच्या वाचनाची ध्वनिमुद्रिते मोबाइलवरून मागविली जातात, म्हणून आता थोडे व्यवहाराचे. संभाषण चालू असताना ऐकून शेरा लिहू नये. मोबाइलमधील ध्वनिमुद्रण ॲपमध्ये वाचन नोंदवून ती फाइल घ्यावी. ॲपमध्ये निवड असल्यास नमुनादर ४४,१००, सोळा बिट, एक वाहिनी आणि वेव्ह प्रकार निवडावा. मिनिटास सुमारे त्रेपन्न लक्ष बाइट जागा लागते, ती लागू द्यावी. संदेशाच्या ॲपमधून आवाज थेट बोलून पाठविला तर ते ॲप त्यास आवळते, हेही ध्यानात असावे. मोबाइल तोंडापासून वीतभर दूर व किंचित बाजूस धरावा. आवाज दर्शविणारी पट्टी शिगेस पोचू देऊ नये. येथे एक गंमत आहे. डिजिटल मापात सर्वांत वरच्या पायरीस शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याखालचे सारे आकडे उणे असतात. म्हणजे शून्य दिसले तर शांतता समजावयाची नाही, घागर काठोकाठ भरली असे समजावयाचे. त्यापुढे आवाज गेला की लहरींचे माथे सपाट कापले जातात. यास क्लिपिंग म्हणतात. कापलेले माथे मागाहून आवाज कमी केल्याने पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी मुलाकडून पुन्हा वाचून घेणे हाच उपाय.

आपापल्या नोंदवह्यांत ‘स’, ‘श’, ‘फ’ या वर्णांच्या उच्चाराविषयीचे जे शेरे केवळ दूरध्वनीवर ऐकून लिहिले गेले असतील, ते कृपया या महिन्यात काढून पाहावेत. त्या मुलांचे वाचन समोर बसून पुन्हा ऐकावे, आणि शेरा बदलावा लागल्यास तो दिनांकासह बदलून पालकांसही तसे कळवावे.