परक्या भांडवलाचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुम्ही परदेशी जाऊन काय शिकलात ते आम्हांला सोपे करून सांगा," असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी जरा विचारात पडले. डॉक्टरीण असते तर चार पथ्ये सांगितली असती. माझ्या विषयाचे नावच मुळी लांबलचक : परदेशी गुंतवणुकीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय कायदा. पुण्यास एल्एल्. बी. झाल्यावर एक वर्ष हॉलंडमध्ये राहून मी या विषयात एल्एल्. एम्. केले. निघताना शेजारच्या काकूंनी विचारलेच, "अगं, परक्यांच्या पैशाचा कायदा शिकून आपल्या घरात काय उजेड पडणार?"

काकूंनी थट्टेत विचारले खरे, पण ज्या प्रकरणामुळे मी या विषयाकडे वळले ते विजेचेच होते. दाभोळ प्रकल्पाचे. नाव दाभोळचे, पण कारखाना उभा राहिला तो खाडीच्या दक्षिणेस, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूस. एन्‌रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकन कंपन्या. १९९३ च्या डिसेंबरात आपल्या राज्याच्या वीज मंडळाने त्यांच्याशी वीज विकत घेण्याचा करार केला. करार कसा होता? आपण खानावळीचा डबा लावतो ना, तसा. जेवा न जेवा, महिन्याचा ठरलेला आकार द्यायचाच. त्यातही किंमत डॉलरशी बांधलेली. रुपया घसरला की आपले देणे वाढले. वर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने न दिल्यास केंद्राची प्रतिहमी. १९९५ साली राज्यात नवे सरकार आले, त्याने करार मोडला. कंपनीने लंडनला लवादाकडे धाव घेतली. १९९६ साली पुन्हा बोलणी होऊन नवा करार झाला. १९९९ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. दोनच वर्षांत, २००१ साली, दर परवडेना म्हणून मंडळाने ती घेणे थांबविले. त्याच डिसेंबरात एन्‌रॉनचे अमेरिकेत दिवाळे वाजले.

येथवरची हकीकत आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. माझा अभ्यास येथून पुढे सुरू होतो.

दोन देश आपसांत करार करतात की, तुमच्या माणसांनी आमच्याकडे भांडवल घातले तर आम्ही ते भरपाईवाचून हिरावून घेणार नाही, त्यांना न्याय्य वागणूक देऊ. असा पहिला करार १९५९ साली पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. भारताचा पहिला १९९४ साली, ब्रिटनशी. आज जगात असे दोन हजारांहून अधिक करार अमलात आहेत. त्यांतले बहुतेक कलम तुम्हांआम्हांला साधे वाटेल. खरी मेख आहे ती तंट्याच्या कलमात. त्या कलमाने परदेशी कंपनीला सरकारवर थेट दावा लावता येतो, तोही आपल्या कोर्टात नव्हे, तर तीन लवादांपुढे. एक कंपनीचा, एक सरकारचा, आणि तिसरा बहुधा दोघांच्या संमतीचा.

आता गंमत पाहा. अमेरिकन कंपन्यांना आपल्या सरकारवर असा दावा लावता येईल असा करार भारत आणि अमेरिका यांच्यात नव्हता. मग दावा लागला कसा? तर मॉरिशसमार्गे. त्यांचे भांडवल मॉरिशसमध्ये नोंदविलेल्या कंपन्यांतून आले होते, आणि मॉरिशसशी आपला १९९८ सालचा करार होता. मुलीचे माहेर एक असते. कंपनीला मात्र सोयीप्रमाणे माहेर करता येते! २००३ साली दावा लागला. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांवर बोट ठेवले. त्यांत एक डच बँकही होती, म्हणजे मी ज्या देशात शिकत होते तेथलीच. ही भांडणे पुढे तडजोडीने मिटली, आणि २००५ साली प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

या कागदपत्रांच्या राशीत मी एक गोष्ट शोधीत होते. १९९७ च्या जूनमध्ये वेलदूर या कोळ्यांच्या गावी पोलिस पहाटे घरांत शिरले. प्रकल्पाला गावाचा विरोध होता. पुरुष मासेमारीला गेलेले. ज्यांना मारपीट झाली, धरून नेले, त्यांत बायकाच पुष्कळ. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी त्यावर अहवाल काढले. पण मॉरिशसच्या करारात या बायकांना जागा नाही. दावा लावायचा हक्क भांडवल घालणाऱ्याला. ज्यांच्या खाडीकाठी ते घातले त्यांना नाही. या कायद्याचे मला सर्वांत खुपते ते हेच, आणि माझा प्रबंध मी त्यावरच लिहिला. आमचे गुरुजी म्हणत, हा प्रश्न कायद्याचा नव्हे, राजकारणाचा. मला ते पटले नाही. कलम माणसेच लिहितात; दुसरे कलमही लिहिता येते.

याचा अर्थ कंपनी म्हणजे नेहमी लबाड आणि सरकार बिचारे, असा मात्र करू नका. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने तेव्हाच्या बिहारातील, आताच्या झारखंडातील, पिपरवार येथे कोल इंडियासाठी कोळशाची खाण उभारून दिली. तंटा झाला, २००२ साली लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, आणि तो निकाल आपल्या कोर्टांत नऊ वर्षे अडकून पडला. तेव्हा कंपनीने करारातील एक वचन काढले : इतर कोणत्याही देशाच्या लोकांहून आम्हांला उणे वागवायचे नाही. घरात दोन सुना असाव्यात आणि धाकटीने म्हणावे, थोरलीला दिलेत ते मलाही द्या, तसे. भारताने कुवेतला कबूल केले होते की, तुमच्या लोकांना आपला हक्क बजावण्याची परिणामकारक साधने देऊ. ऑस्ट्रेलियाच्या कंपनीने कुवेतचे ते कलम उसने घेतले आणि २०११ साली ती जिंकली! दोष आपल्या कोर्टांतील दिरंगाईचा होता. तीच दिरंगाई आपल्याकडच्या पोटगीच्या दाव्यांतही असते. फरक इतकाच की पोटगी मागणारीला कुवेतचे कलम नसते.

या निकालानंतर सरकार जागे झाले. २०१६ साली कराराचा नवा नमुना लागू झाला आणि पन्नासांहून अधिक जुने करार संपविण्याच्या नोटिसा गेल्या. नव्या नमुन्यात कंपनीने आधी निदान पाच वर्षे येथल्या कोर्टांत दाद मागावी अशी अट आहे. दुसऱ्या देशाचे कलम उसने घेण्याची सोयही काढली आहे. २०२४ साली संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात ती मुदत तीन वर्षांवर आणली. जुने करार मात्र संपले तरी मरत नाहीत. आधी घातलेल्या भांडवलाला ते पुढे दहा-पंधरा वर्षे लागू राहतात.

ज्यांच्या मुली वा सुना कायदा शिकत आहेत त्यांच्यासाठी थोडे. या अभ्यासाला पाठांतर फार नाही. वाचन मात्र डोळे दुखेपर्यंत. एका "गुंतवणूक" या शब्दाच्या व्याख्येवर आमचे दोन आठवडे गेले. श्रीलंकेत जन्मलेले प्राध्यापक सोर्नराजा यांचा १९९४ साली प्रथम निघालेला ग्रंथ गरीब देशांच्या बाजूने पाहायला शिकवितो. डॉल्झर आणि श्रॉयर यांचा ग्रंथ लवादांचे निकाल नीट लावून देतो. दोन्ही वाचावेत, आणि सोर्नराजांचा आधी. इंग्रजी सफाईदार नसले तरी अडत नाही, पण इंग्रजी वाक्य चिमटीत धरून उलटेपालटे करण्याची सवय हवी. तांदूळ निवडणाऱ्या बाईला ती असतेच असे मी वर्गात म्हटले, तेव्हा डच मुली हसल्या. नंतर त्यांनी तांदूळ का निवडतात तेही विचारले.

दाभोळच्या कागदपत्रांवरून मी मराठीत केलेली टिपणे मंडळाच्या वाचनालयात ठेवीत आहे. कोणाला पाहायची असल्यास चिटणीसबाईंकडे मागावीत.