फिल्टर नळाखाली धुऊ नका



दिवाळीची आवराआवर आता घरोघरी सुरू झाली असेल. माळे रिकामे होतील, पंखे पुसले जातील आणि हॉलमधल्या फिशटँकचीही पाळी येईल. मासे बादलीत, खडे परातीत आणि फिल्टर मोरीत, नळाखाली. स्पंज अगदी नवा दिसेपर्यंत पिळला जाईल, टाकीत सगळं पाणी ताजं भरलं जाईल. पाहुणे यायच्या आत काच लखलखीत. आणि मग भाऊबीजेच्या सुमारास एकेक मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतो. कुणी म्हणतं फटाक्यांचा आवाज बाधला. कुणी म्हणतं घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. नाही हो. संकट बाहेरून आलेलंच नसतं. ते त्या धुण्यातून आलेलं असतं.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हे शब्द टाकी पाळणाऱ्यांना नवे नाहीत, म्हणून त्यात फार वेळ घालवत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, न खाल्लेले दाणे कुजूनही तोच तयार होतो. जीवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं बरंच सौम्य. पण हे जीवाणू राहतात कुठे, ते आपण विसरतो. पाण्यात ते अगदी थोडे असतात. खड्यांवर, काचेवर असतात, आणि सर्वांत जास्त असतात फिल्टरच्या स्पंजात, सिरॅमिक रिंगांवर. कारण तिथून पाणी सतत वाहतं आणि प्राणवायू भरपूर मिळतो. तो तपकिरी, बुळबुळीत थर आपण ‘घाण’ म्हणून खरवडून काढतो, त्यातच त्यांची वस्ती असते.

विरजणाचं बघा. दह्याचं भांडं घासायला टाकण्याआधी घरातली बाई चमचाभर दही बाजूला काढते. भांडं कितीही घासा, तो चमचा जपला की उद्याचं दही लागतं. आपला स्पंज म्हणजे टाकीचं विरजण आहे. ते नळाखाली धरणं म्हणजे विरजणाची वाटी विसळून पालथी घालणं. वर नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं आपलं मानकच सांगतं. त्याचं कामच जीवाणू मारण्याचं. तुमचे उपयोगी कोणते, हे त्याला कळत नाही. आणि दही एका रात्रीत लागतं, हे जीवाणू तसे नाहीत. ते फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना जवळजवळ एक दिवस लागतो. कोरी टाकी नीट लागायला चार ते सहा आठवडे जातात ते याचमुळे. तेवढे दिवस मासे बिचारे स्वतःच्याच विषात पोहतात.

विरजण गेलं तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो ना? इथंही तेच करा. ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे, त्याच्याकडून वापरातल्या स्पंजाचा एक तुकडा मागून आणा. ओलाच आणा, आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. बाटलीतल्या औषधापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

मग फिल्टर धुवायचाच नाही का? धुवायचा. पाण्याची धार बारीक झाली की धुवायचाच, नाहीतर गाळ तुंबून आतल्या जीवाणूंचाच श्वास कोंडतो. पण कसा? टाकीतून काढलेलं जुनं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच दाबा, आणि तसाच परत लावा. थोडा मळकट दिसू दे. दोन स्पंज असतील तर आज एक, दुसरा दोन आठवड्यांनी. वरचा पांढरा कापूस खुशाल बदला, तो गाळ अडवण्यापुरता असतो. रिंगा सगळ्या एकदम बदलू नका. साबण, फिनेल, ब्लीच यांचा तर हातही लागू नये. उशिरा रेडिओ लावलेल्यांसाठी पुन्हा सांगतो: स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवायचा, नळाखाली नाही.

आता पाणी बदलणं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे १४ लिटर, एक बादली. आठवड्याला एक बादली काढा, एक घाला. सायफनची नळी खड्यांत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्या. नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवा, किंवा दुकानातलं अँटिक्लोरीन त्यात टाका. पाणी तांब्याच्या भांड्यात मात्र साठवू नका, तांबं माशांना आणि विशेषतः गोगलगायींना घातक असतं. आणि ज्या दिवशी पाणी बदललं त्याच दिवशी फिल्टर काढू नका. एका वेळी एकच काम.

काही जण याच्या उलट करतात. वर्षभर पाणी बदलतच नाहीत, उडून गेलं तेवढंच वरून भरतात. पाणी काचेसारखं दिसतं, मासे हिंडत असतात, म्हणून वाटतं सगळं छान आहे. पण जीवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत असतं, पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं, आणि तसल्या पाण्यात जीवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्लात तो अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे तगून राहतात. अशा टाकीत एके दिवशी तुम्ही अर्धी टाकी बोअरचं पाणी ओतलं, की आम्लता उतरते, त्या अमोनियमचा पुन्हा जहाल अमोनिया होतो आणि तासाभरात मासे आडवे. माणूस म्हणतो, बघा, पाणी बदललं आणि मासे मेले! मग पुन्हा वर्षभर तो पाण्याला हात लावत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, अशी जुनी टाकी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी फक्त दहावा हिस्सा बदला. पाच-सहा आठवडे घ्या. घाई करू नका.

आणखी एक. रात्री आवाज होतो, वीज जळते म्हणून फिल्टर बंद करणारी घरं मला माहीत आहेत. अहो, लहान फिल्टरची मोटर पाच वॅटची असते. चोवीस तास चालली तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. त्या बचतीपायी रोज रात्री त्या विरजणाचा श्वास का बंद करायचा? दिवसभर वीज गेली असेल, तर डब्याच्या फिल्टरमधलं साचलेलं पाणी आधी ओतून द्या, टाकीच्या पाण्यानं एकदा विसळा, मगच सुरू करा. टाकीच्या पाण्यानं, नळाच्या नाही.

समोरून वेळ झाल्याची खूण झाली आहे. टाकीतल्या वनस्पतींबद्दल बोलायचं होतं, त्या नायट्रेट कसं शोषून घेतात आणि त्यामुळे पाणी बदलायचं प्रमाण किती कमी करता येतं ते. दाणे किती टाकावेत हेही राहिलं. तूर्त दोन मिनिटांत संपतील एवढेच टाका, बाकी पुन्हा कधीतरी.